सातपिंप्रीची मादी

१

"बिबट्याले निदान बकरी तरी ठेवेल व्हती. आम्हले चहा बी नही."

धनसिंग ड्रायव्हर हे कुणाला उद्देशून बोलला नव्हता. वाकून तो माठाच्या तळाचं पाणी ग्लासात ओढून घेत होता, आणि माठ प्रमिलाबाईंच्या टेबलाला खेटून असल्यामुळे ऑफिसातली प्रत्येक कुरकुर आधी त्यांच्या कानावर पडायची. अठ्ठावीस वर्षं त्या याच टेबलावर होत्या. करंजपाणी वन्यजीव परिक्षेत्राच्या ऑफिसात येणारा प्रत्येक कागद त्यांच्या आवक नोंदवहीत चढायचा आणि जाणारा प्रत्येक कागद त्यांच्याकडून जावक क्रमांक घेऊनच बाहेर पडायचा. सातपुड्यातून वाघ जरी आला तरी अक्का त्याला आधी आवक नंबर देतील, असं पोरं म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

आज मात्र कागद काय, माणूससुद्धा बाहेर पडणार नव्हता. सकाळी नऊला सातपिंप्रीच्या लोकांनी फाटकात ट्रॅक्टर आडवा लावला होता. फाटकाला साखळी, साखळीला गावचं कुलूप. अकराला लाईट गेली. वैशाखाचं ऊन पत्र्यावरून आत झिरपत होतं आणि सहा माणसं पंख्यांच्या पात्यांकडे बघत बसली होती.

झालं होतं ते असं. सातपिंप्रीच्या केळीच्या बागांत महिनाभर बिबट्या मुक्कामाला होता. तीन शेळ्या आणि एक कुत्रा गेल्यावर गावाने पिंजरा मागितला. रविवारी दुपारी बागेच्या टोकाला, नाल्याकाठी पिंजरा बसवला. संध्याकाळी सहाच्या आत बातमी सगळीकडे झाली: मादी बिबट्या जेरबंद. पिंजऱ्यातल्या बिबट्याचा फोटो मोबाईलवरून मोबाईलवर फिरला. वरच्या साहेबांनी शाबासकी दिली, आमदारांनी अभिनंदन टाकलं. सोमवारी, म्हणजे आज सकाळी, पेपरातही छापून आलं. आणि सहा वाजता धनसिंग तिला न्यायला गाडी घेऊन गेला, तर पिंजरा रिकामा.

तेवढंच असतं तर ऑफिसात मिटलं असतं. पण गाव त्या रात्री महिन्यातून पहिल्यांदाच निर्धास्त झोपलं होतं. भिकन आबांनी खाट अंगणात टाकली, शेजारी नात, पलीकडे खुंटाला वासरू. पहाटे वासरू नव्हतं; अर्धं खाल्लेलं ते केळीच्या बागेत सापडलं. खुंट आणि नातीची उशी यांत हातभर अंतर होतं.

बारा वाजता रेंजच्या साहेबांनी प्रमिलाबाईंना आत बोलावलं. नाव नवीन घोरपडे, वय एकोणतीस, कराडकडचे, परीक्षा देऊन थेट साहेब झालेले, इथे येऊन आठ महिने. माणूस सरळ होता, पण आज त्यांचा चेहरा परीक्षेत पेपर कोरा राहिलेल्या मुलासारखा दिसत होता. पिंजऱ्याजवळ ड्यूटीवर वनरक्षक ज्योती होती, म्हणाले. वरून विचारणा आहे, जबाबदार कोण. तिच्या निलंबनाचा प्रस्ताव प्राथमिक चौकशीसह पाचच्या आत मेलने जायला हवा. महिला कर्मचारी आहे, तेव्हा जबाब घ्यायला महिलाच हव्यात.

"मॅडम, तुम्ही जबाब घ्या. आणि प्रस्तावाला जावक क्रमांक आत्ताच टाकून ठेवा."

प्रमिलाबाईंनी जबाबाचे कोरे कागद उचलले. क्रमांकाचा रकाना त्यांनी कोराच ठेवला. ज्योतीला कायम व्हायला चार महिने उरले होते. परिविक्षेतल्या मुलीचं निलंबन म्हणजे काय, हे त्यांना साहेबांपेक्षा जास्त माहीत होतं. असले दोन कागद त्यांनीच जावक केले होते. त्या दोघांपैकी कुणी परत आलं नव्हतं.

२

आधी धनसिंगला बसवलं. धनसिंग एरवी दोन वाक्यांचा किस्सा तासभर सांगायचा. पण समोर जबाबाचा कागद दिसला, तसा तो शब्द मोजून बोलायला लागला. सहाला पोचलो, ज्योतीबाई विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपाशी उभी होती, पिंजरा रिकामा होता, परत आलो. संपलं.

पिंजरा रिकामा म्हणजे कसा, त्यांनी विचारलं. दार तुटलेलं? गज वाकलेले?

तसं काही नाही, तो म्हणाला. दार वर चढवलेलं होतं. खटका लावलेला होता. जनावर आत पाय ठेवेल आणि दार खाली येईल, असा तयार. गाडीत घालण्याआधी त्यानेच काठीने खटका पाडला, तेव्हा दार एवढं जोरात आपटलं की बागेतले बगळे उडाले.

प्रमिलाबाईंचा पेन थांबला. पिंजऱ्याचं दार लोखंडी, ते वर चढवायला दोन माणसं लागतात, हे त्यांनी ऑफिसच्या अंगणात कितीदा पाहिलं होतं. कुणी बिबट्या सोडला असेल तर त्याने पिंजऱ्यावर चढून दार उचललं असेल, बिबट्या गेला असेल आणि मग तो माणूस जीव घेऊन पळाला असेल. इथवर सगळं पटण्यासारखं होतं.

"साहेब म्हणतात, ज्योतीबाईने आन मगनने मिळून सोडला," धनसिंग आवाज खाली आणत म्हणाला. "मगनलोकांचा वाघदेव असतो ना. देवाला कसं कोंडतील?"

"आणि सोडल्यावर दोघांनी थांबून दार पुन्हा चढवलं? खटका पुन्हा लावला? अंधारात, बिबट्या बाजूच्या केळीत उभा असताना?"

धनसिंगने ग्लास तोंडाला लावला. ग्लास केव्हाच रिकामा झाला होता.

३

वनमजूर मगन मागच्या व्हरांड्यात, पिंजऱ्यासोबत परत आलेल्या बकरीपाशी बसला होता. सातपुड्यातल्या पाड्यावरचा हा माणूस वीस वर्षं रोजंदारीवर होता. या खात्यात जंगल जसं तुकडे करून वाटलेलं असतं, तशी माणसंही एकावर एक रचलेली असतात. तळाला वनमजूर, त्याच्यावर वनरक्षक, तिच्याकडे जंगलाचा एक बीट. चार बीटांवर एक वनपाल, सगळ्या वनपालांवर रेंजचे साहेब, आणि साहेबांवर आणखी साहेब. बातमी खालून वर जाते, हुकूम वरून खाली येतो, आणि दोष सगळ्यांत खालची पायरी शोधत मगनपाशी येऊन बसतो. त्याला सवय होती.

वाघदेवाचं त्याने स्वतःहूनच काढलं.

"वाघदेवले आम्ही कोंबडं देतस, अक्का. पन पिंजरा उघडाले मी काय त्याना सासरा शे का?"

त्या हसल्या. तोही थोडा हसला. मग म्हणाला, पिंजरा बसवला, ज्योतीबाई ड्यूटीवर बसली, वॉकीटॉकीवरून ऑफिसला कळवलं आणि साडेपाचच्या आधीच तो पाड्याकडे निघाला. बिबट्या सापडल्याचं त्याला सकाळी फाटकावर कळलं, आणि पळाल्याचंही तिथेच. दोन्ही बातम्या त्याला एकदमच मिळाल्या.

बोलता बोलता तो बकरीपुढे लिंबाचा पाला धरत होता. बकरी तोंड फिरवत होती.

"खात नाही?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

पोट भरलंय तिचं, मगन म्हणाला. काल तिच्या खणात बोरीचा भारा टाकला होता, दोन दिवस पुरेल एवढा. सकाळी बघतो तर नुसत्या काड्या.

प्रमिलाबाई खाली बसल्या. गुडघे कुरकुरले. बकरीचं पोट दोन्ही बाजूंनी ढोलकीसारखं तट्ट होतं. ती रवंथ करत होती, डोळे अर्धे मिटून, जगात काही झालंच नाही अशी.

त्यांचं माहेर असोद्याचं. लग्न होईपर्यंत बारा शेळ्या त्यांच्या हातावर वाढल्या होत्या. एकदा नुसता लांडग्याचा वास आला, तर त्या बारा जणींनी दीड दिवस पाल्याला तोंड लावलं नव्हतं, आणि एकीचं दूध कायमचं आटलं होतं. ही बकरी रात्रभर पिंजऱ्याच्या मागच्या खणात होती. मधे फक्त जाळी. जाळीपलीकडे रागाने पिसाळलेला बिबट्या, आणि ही बाई दोन दिवसांचा पाला एका रात्रीत फस्त करते?

४

ज्योती रेकॉर्ड रूममध्ये होती. साहेबांनी तिला तिथे बसायला सांगितलं होतं. कुलूप नव्हतं लावलं, पण कुणी सांगितलेल्या जागेवरून उठायची नाही अशी ती मुलगी. सोनगीरची, किल्ल्याखालच्या वस्तीतली. भरतीला सोळा किलोमीटर चालायचं असतं, त्यात ती शंभर मुलींत दुसरी आली होती आणि मग तीन दिवस तिला चप्पल घालता आली नव्हती. हे तिने पहिल्या दिवशी प्रमिलाबाईंना सांगितलं होतं, तेही तक्रार म्हणून नाही, मजा म्हणून.

आत जुन्या फायलींचा वास आणि खिडकीला जाळी. प्रमिलाबाईंनी पदराने स्वतःला वारा घातला, मग तिलाही घातला.

तिचा जबाब पाठ केल्यासारखा आला. मला झोप लागली. खटका सैल असावा. चूक माझी आहे.

"कुणी शिकवलं हे?"

ती गणवेशाचं बटण चाचपत राहिली.

तिचे डोळे लाल होते. झोपलेल्या माणसाचे डोळे सुजतात, असे लाल होत नाहीत. अंगावर कालचाच गणवेश होता, उजव्या तळहातावर काठी घट्ट धरून धरून पडलेले वळ. प्रमिलाबाईंनी तो हात हातात घेतला. झोपलेल्या माणसाची काठी रात्रभर मुठीत राहत नाही, हे त्यांनी तिला सांगितलं नाही. इकडचं तिकडचं विचारलं. गावातले लोक बघायला आले असतील ना? आले होते, ती म्हणाली, संध्याकाळी दोन मोटारसायकली. वनपाल तोताराम नानांनी फोनवर सांगितलं होतं, कुणालाही पुढे सोडायचं नाही, जनावर बिथरतं. तिने त्यांना रस्त्यावरूनच परत लावलं. ते खूश होऊन गेले. जाताना एकजण म्हणाला, ताई, आज आमची माणसं झोपतील.

एवढं सांगताना तिची हनुवटी हलली.

"बरं, एक सांग. ती मादी आहे हे कसं ओळखलंस? डॉक्टर तर आलाच नव्हता. माझ्यासारखीला तर तीस पावलांवरून बिबट्या आणि बिबटीण सारखीच."

ज्योतीने पहिल्यांदा मान वर केली. प्रश्न तिच्या पाठांतरात नव्हता, म्हणून खरं उत्तर निसटलं.

"मादी? ते मी पेपरात वाचलं, अक्का."

५

पिंजऱ्यापासून तीस पावलांवर रात्रभर बसलेल्या एकुलत्या एक माणसाला जनावर मादी आहे हे पेपरात वाचून कळतं. मग पेपराला कुणी सांगितलं? साहेबांनी. आणि साहेबांना?

प्रमिलाबाई वायरलेसच्या खोलीत गेल्या. रविवारी ऑपरेटरची सुट्टी, त्यामुळे काल सेटवर साहेब स्वतः बसले होते. नोंदवहीत त्यांचं टाइप केल्यासारखं अक्षर होतं: १७.१०, सातपिंप्री. पिंजरा लागला. मादी. बसून आहे.

ती वही तशीच उघडी धरून त्या व्हरांड्यात आल्या. मगनला म्हणाल्या, काल वॉकीटॉकीवर तू जे बोललास ते मला बोलून दाखव. अर्थ सांगू नको, शब्द सांग. जसेच्या तसे.

मगनने हात कानाशी नेला, जणू वॉकीटॉकी धरलाय, आणि घसा साफ केला.

"साहेब, पिंजरा लागना. बकरी बांधेल शे. बाई बठेल शे."

प्रमिलाबाईंना आधी हसू आलं. ते इतकं अनावर झालं की त्यांनी वही तोंडावर धरली.

इकडे गाडी लागते, मंडप लागतो, तसाच पिंजराही लागतो, म्हणजे आपल्या जागेवर उभा राहतो. मगनने कळवलं होतं की काम झालं, पिंजरा बसवला. कराडच्या माणसाच्या कानात मात्र गळाला मासा लागतो तसा पिंजऱ्याला बिबट्या लागला. आणि बाई बठेल शे, म्हणजे ज्योतीबाई ड्यूटीवर बसली आहे. साहेबांना वाटलं, जनावर बाई आहे, आणि बसून आहे. मुळात सेटवर खरखर. त्यात नवखा कान. त्यात महिनाभर गावाच्या शिव्या खाऊन चांगली बातमी ऐकायला आसुसलेला माणूस. त्यांनी फोन उचलला आणि वर कळवलं. वरच्यांनी त्यांच्या वर कळवलं. दहा मिनिटांत ती मादी चार जिने चढून गेली.

मगनला यातलं काही कळलं नव्हतं. तो विचारत होता, काय चुकलं का अक्का?

हसू गेलं. कारण पुढचं गणित सोपं होतं आणि वाईट होतं. ऐकण्यातली चूक दहा मिनिटं टिकते. पुढचे तेरा तास ती कुणीतरी टिकवली होती. फोटो काही ऐकण्यातल्या चुकीने निघत नाही.

त्यांनी मोबाईल काढला, ऑफिसच्या ग्रुपवर मागे गेल्या. फोटो वनपाल तोताराम नानांनी टाकला होता, सहा वाजून चार मिनिटांनी. गजांमागे जबडा वासलेला बिबट्या. शाबासक्यांचे अंगठे, हात जोडलेले, गुलाब. प्रमिलाबाईंनी बोटांनी फोटो मोठा केला आणि बिबट्याला सोडून कोपऱ्याकडे सरकल्या. पिंजऱ्यामागे शेत होतं. शेतात झाडं कमरेएवढी, आणि झाडांवर पांढरं.

वैशाखात, चोपड्यापासून सातपुड्यापर्यंत कुठल्या शेतात कापूस फुटतो?

६

साडेचारला सगळे साहेबांच्या खोलीत जमले. फाटकावरचा आवाज आता घोषणांचा राहिला नव्हता. उन्हाने थकलेली माणसं नुसती बसली होती, आणि ते जास्त जड वाटत होतं. मधेच भिकन आबांचा एकट्याचा आवाज यायचा.

"पेपरमा छापी टाकं, बिबट्या धरा म्हनीसन. मंग मनं वासरू कोन लई गया?"

तोताराम नाना खुर्चीत नीट टेकून बसलेच नाहीत. साठीला आलेला, अंगाने सुकलेला माणूस. या जंगलातल्या प्रत्येक पाणवठ्याला त्यांनी नाव दिलं होतं. ज्योतीला पगमार्क ओळखायला, पिंजऱ्याचा खटका लावायला त्यांनीच शिकवलं. निवृत्तीला एकवीस दिवस उरले होते. ते रोज मोजून सांगायचे. आज सांगितलं नव्हतं.

प्रमिलाबाईंनी कुणावर बोट रोखलं नाही. जबाब वाचावेत तसं एकेक सांगत गेल्या. लावलेला खटका, आणि तो पडलाच नसेल तर कसा दिसेल ते. बकरी, आणि तिचं पोट. मादी हा शब्द, आणि तो कुठून कुठे गेला. मगनचं वाक्य त्यांनी मगनच्याच तोंडून पुन्हा वदवून घेतलं. साहेब ते ऐकत होते. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचे कान हळूहळू तांबडे झाले.

"काल संध्याकाळी साहेब हा फोटो शिपायापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना दाखवत होते," त्या म्हणाल्या. "आज सकाळपासून साहेबांनी तो एकदाही उघडला नाही. म्हणजे साहेबांनाही हा कापूस दिसलाय."

त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला, पांढऱ्या शेतासकट. कुणी वाकून पाहिलं नाही. पाहायची गरज उरलेली नव्हती.

धनसिंग छताकडे बघत होता. मग तोताराम नाना बोलले, आणि तेही जे वाक्य बोलायचं होतं त्याला वळसा घालून. साहेबांचा फोन आला, फोटो पाठवा, वरून मागतायत. ज्योतीला विचारलं. तिने काय ते सांगितलं. पण तोवर बातमी आमदारांपर्यंत गेली होती. साहेबांना तोंडघशी कसं पाडायचं? आणि बकरी चांगली होती, जागा चांगली होती, रात्रीतून काम होईलच असं वाटलं. पहाटेपर्यंत खरंच झालं असतं तर फोटो जुना की नवा, कोण विचारणार होतं?

"पोरीला काय सांगितलंत?"

"सांगितलं, झोप लागली म्हण. फार तर मेमो मिळेल." त्यांनी खिशातून रुमाल काढला. "निलंबनाचं मला माहीत नव्हतं, अक्का. देवाशप्पथ नव्हतं."

ज्योती दाराशी उभी होती. ती नानांकडे बघत नव्हती, आणि त्यांच्यावर रागावलेलीही दिसत नव्हती. प्रमिलाबाईंना तेच सोसवेना.

साहेब उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. निलंबनाचा प्रस्ताव त्यांनी स्वतःच्या हाताने बाजूला ठेवला. माणूस सरळ होता हे खरंच. पण तोही काल संध्याकाळच्या एका वाक्यात अडकला होता, आणि बाहेर पडायला त्याला एकच फट दिसत होती.

ज्योतीचं नाव कुठेच येणार नाही, ते म्हणाले. नानांचंही नाही. खटक्यातील तांत्रिक दोषामुळे बिबट निसटला असं लिहू. गावाला सांगू की तो घाबरून सातपुड्यात निघून गेला, आता परत यायचा नाही. लोक उठतील, फाटक उघडेल. पिंजरा दुरुस्तीला पाठवू. कुणाचंच नुकसान नाही.

खोलीत कुणीतरी श्वास सोडला. बहुधा सगळ्यांनीच. धनसिंगने खुर्चीवर पाय सैल केले. तोताराम नानांनी रुमालाने डोळे पुसले आणि ज्योतीकडे पाहिलं, आता झालं सगळं नीट, अशा नजरेने.

प्रमिलाबाईंच्या पुढ्यात जावक नोंदवही होती. क्रमांक ओळीत तयार होता. लिहिलं की कागद जाईल, मुलगी वाचेल, म्हातारा सुखाने घरी जाईल. दिवसभर त्यांना हेच तर हवं होतं. त्यांनी पेन टेकवला. तांत्रिक दोष, सातपुड्यात पलायन. अठ्ठावीस वर्षांत याहून मोठ्या थापा त्यांनी क्रमांक देऊन बाहेर पाठवल्या होत्या, पण त्या कागदावरच्या थापा होत्या, कागदावरच राहिल्या. ही थाप आज संध्याकाळी गावात पोचेल. उकाडा आहे. खाटा पुन्हा अंगणात येतील. आणि बिबट्या केळीच्या गारव्यात पडून आहे, वासरू अर्धंच खाल्लंय, उरलेलं खायला तो येणारच.

पेनच्या टोकाखाली शाईचा ठिपका पसरत गेला. खरं बोलायचं तर रिकाम्या पिंजऱ्यावर पहारा देऊन गावाला फसवलं म्हणून नोकरी मुलीची जाणार होती, त्यांची नाही. दुसऱ्याची नोकरी पणाला लावून खरं बोलण्याचा हक्क त्यांना कुणी दिला होता?

त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

व्हरांड्यातून बुटांचा आवाज गेला. मग पायऱ्यांवरून. साहेब खिडकीकडे धावले आणि गज धरून ओरडले, ज्योती, थांबा, मी येतो, मी बोलतो. ते खरंच गेले असते. तोताराम नानाही उठले होते.

ती अंगण ओलांडून फाटकाशी पोचली. बसलेली माणसं तिला बघून उभी राहू लागली. शिव्या आल्या, एकदोन बायकांच्याही. भिकन आबा ट्रॅक्टरच्या सावलीतून पुढे झाले आणि फाटकापलीकडे तिच्या अगदी समोर उभे राहिले. म्हातारा नुसता तिच्याकडे बघत होता. गर्दीचा आवाज आपोआप खाली बसला.

ज्योतीने टोपी काढून हातात घेतली. ऑफिसातली मराठी तिने आत ठेवली होती.

"आबा, पिंजरामा बिबट्या नव्हताच. आम्ही तुम्हले खोटं सांगं."